तंजावरचे पाद्री आणि शाळेचे अडीचशे होन

अनुदानित शाळेच्या तपासणीला गेलेला अधिकारी प्रथम हजेरीपट पाहतो, मग कीर्दवही पाहतो आणि वेळ उरला तर मुलांकडे पाहतो. हा क्रम कोणी ठरवून दिलेला नाही, पण तो अंगवळणी पडलेला असतो. शाळा एखाद्या धार्मिक संस्थेची असेल आणि तिच्या आवारात अनाथ मुलांचे वसतिगृह असेल, तर त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते, व तो सहसा कागदावर येत नाही. सरकारी पैसा धर्मसंस्थेच्या हातून मुलापर्यंत पोहोचताना त्या मुलाच्या श्रद्धेचे काय होते? हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, हे पाहण्यासाठी तंजावरला जावे लागते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला तंजावर हे नाव परके नाही. सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आणि सरफोजी राजांची विद्याव्यासंगी म्हणून असलेली कीर्ती आपल्या परिचयाची आहे. त्या सरफोजींच्या बालपणाची हकीकत त्यामानाने कमी सांगितली जाते. ती सांगायची, तर एका जर्मन पाद्रीपासून आरंभ करावा लागतो.

ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांचा जन्म 1726 सालचा, प्रशियातला. त्यांचे शिक्षण हाले येथे झाले. ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे गरीब मुलांची शाळा व अनाथालय उभारले होते, आणि त्याच संस्थेतून दक्षिण हिंदुस्थानातल्या डॅनिश वसाहतीत, म्हणजे त्रांकेबारला, मिशनरी पाठवले जात. त्रांकेबार म्हणजे आजचे तरंगंबाडी. अनाथ मुलाला जेवू घालणे, लिहावाचायला शिकवणे आणि त्याच्या नावाने हिशेब ठेवणे या तीन गोष्टी हालेच्या परंपरेत एकाच कामाचे भाग मानल्या जात. श्वार्ट्झ 1750 मध्ये त्रांकेबारला उतरले. तमिळचा अभ्यास त्यांनी युरोपातच सुरू केला होता. पुढे ते पोर्तुगीज, फारसी व हिंदुस्थानी शिकले आणि तंजावरच्या दरबाराशी थेट बोलता यावे म्हणून मराठीही शिकले. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले व पुन्हा कधी मायदेशी गेले नाहीत.

त्रिचनापल्लीला असताना 1760 च्या दशकात त्यांनी सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी शाळा चालवली. इंग्रजी पलटणीचे धर्मोपदेशक म्हणून कंपनीकडून त्यांना वेतन मिळे व त्याचा मोठा भाग मंडळी आणि शाळा यांवर खर्च होई. तंजावरचे तुळजाजी राजे यांच्याशी त्यांची पहिली भेट 1769 मध्ये झाली आणि 1778 मध्ये ते तंजावरलाच राहावयास आले. शिवगंगा कोटातले त्यांचे चर्च 1779 सालचे आहे व ते आजही उभे आहे.

त्याच वर्षी मद्रासच्या गव्हर्नरने, सर टॉमस रम्बोल्ड यांनी, त्यांना गुप्तपणे श्रीरंगपट्टणला हैदर अलीकडे पाठवले. हैदरचा कंपनीच्या वकिलांवर विश्वास उरला नव्हता; या पाद्रीवर होता. बोलणी निष्फळ ठरली, परंतु त्या प्रवासातली एक बारीक गोष्ट प्रशासनातल्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. हैदरने वाटखर्चासाठी म्हणून तीनशे रुपयांची थैली दिली होती. श्वार्ट्झ यांनी मद्रासला परतताच ती सरकारजमा करू पाहिली. सरकारने ती ठेवून घेण्यास सांगितले, तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा निधी म्हणून ती वापरण्याची अनुमती त्यांनी मागितली. भेटवस्तूंचा नियम आपल्या आचारसंहितेत आज छापलेला आहे; त्या काळच्या मद्रासेत अधिकाऱ्यांनी गाठोडी बांधून विलायतेला नेणे ही रीतच होती. या पार्श्वभूमीवर ते तीनशे रुपये कसे दिसले असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. हैदरच्या फौजांनी तंजावर प्रांत उजाड केला, पाटबंधारे फोडले, गुरे हाकून नेली, आणि पुष्कळ मुलेही पळवून नेली. किल्ल्यात दुष्काळ पडला. धान्य बाहेरच्या गावांत होते, परंतु शेतकरी ते आणीनात, कारण राजाच्या कामदारांनी पूर्वी माल घेऊन पैसे बुडवले होते आणि कंपनीचा अनुभवही निराळा नव्हता. शेवटी श्वार्ट्झ यांना मध्यस्थी करण्यास सांगण्यात आले. प्रत्येकाला पैसे मिळतील ही हमी आपण स्वतः देतो, असे त्यांनी गावोगाव कळवले. एकदोन दिवसांत हजारावर बैल जमले व किल्ल्यात ऐंशी हजार कलम धान्य पोहोचले. (कलम हे तमिळ मुलखातले धान्याचे माप.) पैसे ठरल्याप्रमाणे चुकते झाले. युद्धानंतर जुलमाला कंटाळून परागंदा झालेले शेतकरीही त्यांच्याच शब्दावर परतले. एका वेळी सात हजार माणसे आल्याचे त्यांच्या पत्रात आहे. राज्यसंस्थेची पत संपलेली असताना एका व्यक्तीच्या पतीवर प्रांत सावरला, ही त्या व्यक्तीची थोरवी खरीच; पण राज्यसंस्थेच्या दृष्टीने ती नामुष्कीही होती, हे विसरता कामा नये.

शाळांचा प्रश्न याच काळात पुढे आला. तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिवन यांनी 1784-85 च्या सुमारास एक योजना मांडली. तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा काढाव्यात, तेथील सत्ताधीशांनी त्यांना आश्रय द्यावा आणि कंपनीने साहाय्य करावे. सलिवन यांचा हेतू मुख्यतः प्रशासकीय होता. कंपनी आणि देशी दरबार यांच्यातला सारा व्यवहार दुभाष्यांच्या हाती होता व दुभाषे दोन्ही बाजूंकडून आपला वाटा काढून घेत. प्रतिष्ठित घराण्यांतली मुले इंग्रजी शिकली, तर ही मधली भिंत पडेल, असा त्यांचा हिशेब होता. शाळा चालवण्यासाठी श्वार्ट्झ यांच्याइतका विश्वासू माणूस दुसरा कोण मिळणार?

लंडनच्या संचालकांनी 1787 मध्ये या तीनही शाळांना प्रत्येकी 250 होनांचे वार्षिक साहाय्य मंजूर केले. इंग्रज ज्याला पॅगोडा म्हणत, तो आपल्या ओळखीचा होनच. त्याची किंमत सुमारे साडेतीन रुपये धरली जाई. रक्कम मोठी नव्हती. परंतु हिंदी मुलांच्या शाळेला कंपनीने खजिन्यातून नियमित वार्षिक रक्कम लावून दिल्याचे हे अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे. शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला ठेवण्याचे कलम ज्या सनदी कायद्यात आहे, तो 1813 चा. अनुदानपद्धती नियमबद्ध करणारा वूड यांचा खलिता 1854 चा. म्हणजे तंजावरचे हे होन त्या खलित्याच्या सदुसष्ट वर्षे आधीचे.

आता या अनुदानातली खरी अडचण पाहू. शाळा पाद्रीच्या, पैसा कंपनीचा, आश्रय हिंदू राजांचा, आणि तंजावरच्या शाळेत बसणारी मुले बहुतांशी ब्राह्मण. श्वार्ट्झ यांनी आपली भूमिका लपवली नाही. मुलांना ख्रिस्ती धर्माचा परिचय व्हावा, अशी आपली मनापासून इच्छा आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आणि त्यासाठी कोणतेही कपट वा छुपा उपाय योजला जाणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून दिले. शाळेत मुले येत राहिली, याचा अर्थ पालकांनी तो शब्द खरा मानला. पालक गावातच होते. शब्द मोडल्याचे दिसले असते, तर दुसऱ्याच दिवशी बाके रिकामी पडली असती. नियम करणारे आणि नियम तपासणारे कोणीही नसताना तपासणीचे काम घरोघरचे आईबाप करत होते.

परंतु ज्याला आईबापच नाहीत, त्याच्या वतीने कोणी तपासायचे? तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी एका गावाचे उत्पन्न श्वार्ट्झ यांच्या शाळेसाठी व विशेषकरून अनाथांसाठी लावून दिले होते. त्या अनाथालयातली मुले पाद्रींच्या घरात जेवत, त्यांच्या प्रार्थनेला बसत आणि त्याच मंडळीत वाढत. यात काही लपलेले नव्हते, आणि सक्ती होती असेही म्हणता येत नाही. तथापि ज्या मुलाला ‘नको’ म्हणण्यासाठी दुसरे घरच नाही, त्याच्या संमतीचे मोल किती धरावे? शाळेतल्या ब्राह्मण मुलाला जो आधार होता, तो अनाथ मुलाला नव्हता. श्वार्ट्झ यांच्या सचोटीने हा प्रश्न सौम्य केला, पण मिटवला नाही. याच वर्षांत तंजावरच्या राजवाड्यात एक पोरका मुलगा होता, त्याची हकीकत या दृष्टीने वाचावी.

तुळजाजींना पुत्रसंतान उरले नव्हते. जानेवारी 1787 मध्ये, मृत्यू जवळ आला असता, त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव सरफोजी ठेवले. मुलाचे वय नऊ-दहा वर्षांचे होते. राजांनी श्वार्ट्झ यांना बोलावून त्या मुलाचे पालकत्व स्वीकारण्यास सांगितले. श्वार्ट्झ यांनी नकार दिला. आपण परदेशी पाद्री, आपल्यापाशी सत्ता नाही, दरबारातल्या कारस्थानांपासून मुलाचे रक्षण आपण करू शकणार नाही, तरी राजांचे बंधू अमरसिंह यांनाच कारभारी व पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. नकारामागची कारणे समंजस होती. स्वतःकडे अधिकार ओढून घेण्याची संधी चालून आली असता ती सोडणे हे त्या काळात दुर्मीळच.

त्या समंजस नकाराची किंमत मात्र मुलाने मोजली. तुळजाजी गेल्यावर कंपनीने पंडितांचे मत घेतले. दत्तकविधान अशास्त्र ठरवले गेले आणि अमरसिंह कारभारी न राहता स्वतःच राजे झाले. ज्या मुलाच्या जगण्यामुळे आपले आसन डळमळीत होते, त्याचे पालकत्व त्याच माणसाकडे राहिले. मुलाला वाड्यात कोंडून ठेवण्यात आले, शिक्षण बंद झाले. श्वार्ट्झ भेटीला गेले, तेव्हा तो दिवसाउजेडी दिव्याच्या प्रकाशात बसलेला होता, आणि तुमच्या युरोपातही मुलांना सूर्यचंद्र दिसू देत नाहीत काय, असे त्याने विचारले, अशी आठवण श्वार्ट्झ यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

यानंतरची दहा वर्षे श्वार्ट्झ यांनी, आजच्या भाषेत सांगायचे तर, पाठपुरावा केला. मद्रास सरकारला पत्रे लिहिली, मुलासाठी कंपनीचा पहारा मिळवला, शिक्षक नेमवला. जानेवारी 1793 मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. मग दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला. पूर्वीचे मत देणाऱ्या पंडितांवर दडपण व लालूच यांचा प्रभाव होता, हे पुढे आले. इतर ठिकाणच्या पंडितांचे मत मागवण्यात आले आणि दत्तक शास्त्रोक्त ठरले. जून 1798 मध्ये सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ ते पाहू शकले नाहीत. 13 फेब्रुवारी 1798 रोजी तंजावरला त्यांचे निधन झाले होते.

कंपनीने हे सारे केवळ न्यायबुद्धीने केले, असे मानण्याचे कारण नाही. गादीवर आलेल्या सरफोजींकडून 1799 च्या तहाने मुलुखाचा कारभार काढून घेण्यात आला. त्यांच्याकडे किल्ला, वार्षिक एक लाख होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा राहिला. अंधाऱ्या खोलीतून सुटलेल्या मुलाला राज्य मिळाले, ते असे. पाद्रींचा हेतू आणि कंपनीचा हेतू एकाच वाटेने चालले, म्हणून ते एकच होते, असा निष्कर्ष काही लेखक काढतात. कागद पाहता तो टिकत नाही. पण एकाचा दुसऱ्याला उपयोग झाला नाही, असे म्हणणेही टिकणार नाही.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. दहा वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या छायेत काढला, त्या पाद्रींना ते पित्यासमान मानत. तरी ते शिवभक्त राहिले, पुढे काशीयात्रा करून आले आणि देवळांचे उत्सव पूर्वीप्रमाणे चालवले. श्वार्ट्झ यांच्या संयमाची याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही. राजांनी लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले व शिवगंगा कोटातल्या चर्चमध्ये बसवले. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेले सरफोजी, उशाशी गेरिके आणि पायथ्याशी शाळेची मुले, असे ते शिल्प आहे. त्याखालच्या इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या. तंजावरला जाणारे मराठी प्रवासी बहुधा मोठे देऊळ व ग्रंथालय पाहून परततात. या चर्चसाठी अर्धा तास राखून ठेवावा.

श्वार्ट्झ यांच्याकडून सरफोजींनी धर्म घेतला नाही, पण एक रीत घेतली. तंजावरजवळच्या कण्णंदगुडी गावी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची सोय त्यांनी राजनिधीतून केली. हिंदू राजाच्या पैशाने ख्रिस्ती मुले, त्यांच्याच धर्मात राहून, शिकत होती. आपली अन्नछत्रे त्यांनी वाढवली. तमिळ मुलखात त्यांना छत्रम म्हणतात. मुक्ताम्बा यांच्या नावाने ओरत्तनाडू येथे 1802 च्या सुमारास उभारलेले छत्र त्यांत प्रमुख होते. ही छत्रे कंपनीच्या हाती जाऊ नयेत, म्हणून 1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहिले. ब्राह्मणापासून परयापर्यंत साऱ्या वाटसरूंना तेथे अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य असतो, बाळंतिणींची सोय होते, शाळा चालतात आणि पोरक्या मुलांचा सांभाळ होतो, असे त्या पत्राचे सांगणे आहे. राज्यकारभार गेलेल्या राजाने काय काय हातचे जाऊ दिले नाही, हे त्यात दिसते. मुलांसाठी इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरच्या राजमुद्रणालयात 1806 मध्ये छापले गेले. पुण्यात पेशवाई चालू होती आणि तेथे अद्याप छापखाना नव्हता.

मिशनच्या बाजूचा उत्तरार्ध इतका सुखाचा नाही. श्वार्ट्झ यांनी आपली मालमत्ता मिशन व गरिबांसाठी ठेवली. लहानपणापासून त्यांनी वाढवलेले योहान कास्पर कोलहोफ यांनी 1844 पर्यंत काम पाहिले. परंतु जातीच्या प्रश्नाला श्वार्ट्झ यांनी हात घातला नव्हता. त्यांच्या चर्चमध्ये वेल्लाळ व परया वेगळे बसत. बाराव्या वर्षापासून त्यांनी शिकवलेले वेदनायकम शास्त्री तमिळमधले मोठे ख्रिस्ती कवी झाले. नव्या मिशनऱ्यांनी 1820 च्या दशकात एकत्र बसण्याचा आग्रह धरला, तेव्हा तेच शास्त्री जुन्या रीतीच्या बाजूने उभे राहिले, नोकरी गमावून बसले आणि शेवटी सरफोजींच्या दरबाराच्या आश्रयाला आले. सौम्यपणाने चालवलेल्या शाळेत काही गोष्टी शिकवल्याच गेल्या नव्हत्या, त्याचे हे फळ. मृदू स्वभावाच्या संस्थापकामागे असे हिशेब नेहमीच उरतात.

संमतीच्या प्रश्नाला कायद्याचे रूप येण्यास फार काळ लागला. वूड यांच्या खलित्याने निरीक्षकांना बजावले की, अनुदान लौकिक शिक्षणाच्या दर्जावर द्यावे, धर्मशिक्षणाची दखल घेऊ नये. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेतल्या कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घ्यावा लागत नाही, आणि व्यक्ती अज्ञान असेल तर संमती तिच्या पालकाने द्यायची असते. तंजावरच्या ब्राह्मण मुलांचे आईबाप जे करत होते, तेच येथे शब्दबद्ध झाले आहे. वसतिगृहातल्या अनाथ मुलाचे पालकत्व मात्र अनेकदा त्या संस्थेच्याच प्रमुखाकडे असते. मागणारा आणि संमती देणारा एकच. पालक नेमताना मुलाच्या धर्माचा विचार करावा, असे 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 17 मध्ये आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने बालगृहांची नोंदणी सक्तीची केली आणि मुलाला कोठे ठेवावे, हे बालकल्याण समितीच्या हाती दिले. संस्था आणि मूल यांच्यामध्ये तिसरे कोणी उभे असावे, हा त्यामागचा विचार. ती समिती किती वेळा त्या मुलाशी एकट्याने बोलते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. अमरसिंहांच्या वाड्यातल्या मुलाला त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन विचारणारा कोणी तरी होता.

श्वार्ट्झ यांचे नाव धारण करणारी शाळा रामनाथपुरमला आजही आहे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे तिचे विद्यार्थी. तंजावरचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले, तेव्हा छत्रांच्या जमिनी सरकारी देखरेखीखाली गेल्या. तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे छत्रम प्रशासनाचे काम पुढे चालत आले, आणि ओरत्तनाडूला त्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची सोय होत आली आहे.